नदीचे प्लास्टिक की खोलीतील धूळ?

मायक्रोप्लास्टिकच्या मोजणीत हवेतून शिरणारे तंतू रोखणे, ही संशोधनाची पहिली पायरी

नरसिंहपूर (ता. इंदापूर) : पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला नीरा आणि भीमा या नद्या एकमेकींना भेटतात. संगमावर श्रीलक्ष्मी-नृसिंहाचे देवस्थान, तेथून नदीत उतरणारा घाट, भीमेपलीकडे माढा आणि नीरेपलीकडे माळशिरस तालुका. येथून पुढे हेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखले जाते. समजा, एखाद्या महाविद्यालयातील संशोधकाने या घाटावरून एक लिटर पाणी बाटलीत भरून नेले, ते गाळले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात प्लास्टिकचे ३० तंतू आढळल्याचे जाहीर केले. ‘संगमाच्या पाण्यात प्लास्टिक’ असा मथळा दुसऱ्या दिवशी छापून येईल. परंतु या तिसांपैकी नदीचे किती, संशोधकाच्या शर्टाचे किती आणि प्रयोगशाळेतील पंख्याच्या वाऱ्याने बाटलीत पडलेले किती? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याचा आकडा नदीविषयी काहीच सांगत नाही.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात समुद्रकिनाऱ्यावरील वाळूतील अशा कणांविषयी लिहिले आणि हा शब्द रूढ झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत समुद्र, नद्या, मीठ, मासे, पिण्याचे पाणी, इतकेच नव्हे तर मानवी शरीर, अशा सर्व ठिकाणी या कणांचा शोध सुरू झाला. शोध वाढला तसा एक अडथळाही ठळक झाला. ज्या कणांचा शोध घ्यावयाचा, तेच कण प्रयोगशाळेच्या हवेत, टेबलावर आणि शोध घेणाऱ्याच्या अंगावरही असतात.

कवडशातील धूळ

बंद खोलीत उन्हाचा कवडसा आला की त्यात तरंगणारी धूळ दिसते. या धुळीत मातीचे कण असतात, त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि मोठ्या संख्येने कापडाचे तंतू असतात. पॉलिएस्टरचे शर्ट, नायलॉनच्या साड्या, अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर, पडदे, सतरंज्या, खुर्च्यांची आवरणे यांपासून तंतू सतत सुटत असतात. एका तंतूची जाडी साधारणपणे १० ते २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी कमी असते. वजनाने हलका आणि आकाराने लांबट असल्यामुळे तो हवेत बराच काळ तरंगतो. खाली बसला तरी कोणी चालत गेले, दार उघडले किंवा पंखा लावला की पुन्हा उडतो.

पॅरिसमधील संशोधकांनी याची रीतसर मोजणी केली. रशीद द्रिस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन घरे आणि एका कार्यालयातील हवा तपासण्यात आली. घराच्या आतील हवेत दर घनमीटरमागे १ ते ६० तंतू आढळले, तर बाहेरच्या हवेत ०.३ ते १.५. आतील पृष्ठभागावर दर चौरस मीटरला दिवसाकाठी १,५८६ ते ११,१३० तंतू बसत होते. यांतील सुमारे एकतृतीयांश तंतूंत खनिज तेलापासून बनविलेले पदार्थ, म्हणजे प्लास्टिक होते. बाकीचे कापूस, लोकर आदी प्रकारांचे होते.

या आकड्यांचा प्रयोगशाळेच्या दृष्टीने अर्थ लावून पाहू. नऊ सेंटिमीटर व्यासाची काचेची पेट्री डिश अशा खोलीत दिवसभर उघडी राहिली, तर तिच्यावर सुमारे १० ते ७० तंतू पडतील. यांतील तिसरा हिस्सा प्लास्टिकचा धरला तरी ३ ते २३ कृत्रिम तंतू होतात. नदीच्या एका नमुन्यात मिळणाऱ्या तंतूंची संख्या अनेकदा याच घरातली असते. म्हणजे ज्याची मोजणी करावयाची ती वस्तू आणि मोजणीतील चूक, दोन्ही एकाच मापाच्या. दुधात पाणी किती हे पाहणाऱ्याच्या भांड्यातच आधीपासून पाणी असावे, तसा हा प्रकार होय.

बिअर, मासे आणि फसवे आकडे

ही भीती केवळ कागदोपत्री नाही. जर्मनीत २०१४ मध्ये बाजारातील २४ प्रकारच्या बिअर तपासण्यात आल्या आणि सर्वांत कृत्रिम तंतू व कण सापडल्याचे जाहीर झाले. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, डिर्क लाखेनमायर यांच्या गटाने हे कण बिअरमधील नसून प्रयोगशाळेतील दूषणामुळे आलेले असावेत काय, असा थेट प्रश्न विचारणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मधाच्या बाबतीतही असेच घडले. २०१३ मध्ये मधात कृत्रिम तंतू असल्याचा दावा झाला, तर २०१७ मधील दुसऱ्या अभ्यासास त्या दाव्याला पुष्टी देणारा पुरावा मिळाला नाही.

याउलट, सावध संशोधक काय करतो याचेही उदाहरण आहे. नेदरलँड्समधील एडविन फुकेमा आणि सहकाऱ्यांनी उत्तर समुद्रातील १,२०३ मासे तपासले. प्रारंभी बहुतेक नमुन्यांत बारीक तंतू दिसत होते. स्वच्छ हवेच्या विशेष व्यवस्थेत काम सुरू केल्यावर मात्र त्यांची संख्या एकदम घटली. तेव्हा हे तंतू माशांच्या पोटातील नसून हवेतून आले आहेत, असे मानून त्यांनी ते मोजणीतून वगळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंतिम आकडा होता २.६ टक्के मासे. सुरुवातीचीच मोजणी त्यांनी छापली असती, तर जवळजवळ प्रत्येक माशात प्लास्टिक असल्याची बातमी झाली असती.

हा वाद आजही संपलेला नाही. मानवी मेंदूच्या ऊतींत मायक्रोप्लास्टिक असल्याचे संशोधन २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्यानंतर इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. दूषण रोखण्याची व्यवस्था अपुरी होती आणि मेंदूतील चरबी चाचणीत पॉलिथिनसारखा आभास निर्माण करू शकते, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न मेंदूचा असो वा मिठाचा, वादाचे मूळ एकच आहे : आढळलेले प्लास्टिक नमुन्याचे की प्रयोगशाळेचे?

शिशाचा जुना धडा

विज्ञानाला हा अनुभव नवा नाही. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन १९५० च्या दशकात उल्कापाषाणातील शिसे मोजून पृथ्वीचे वय काढू पाहत होते. त्यांचे आकडे काही केल्या जुळेनात. शिसे हवेत होते, काचेच्या भांड्यांत होते, रसायनांत होते आणि केसांतही होते. अखेर त्यांनी गाळलेल्या हवेची, अत्यंत काटेकोर स्वच्छतेची प्रयोगशाळा उभारली. १९५६ मध्ये त्यांनी पृथ्वीचे वय ४.५५ अब्ज वर्षे असल्याचे दाखवून दिले. याच प्रयोगशाळेमुळे पुढे त्यांना पेट्रोलमधील शिशाने जगाची हवा किती दूषित केली आहे, हेही सिद्ध करता आले. भारतात २००० मध्ये शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले, त्यामागील जागतिक प्रयत्नांत या कामाचा मोठा वाटा आहे. मोजणी निर्दोष झाली म्हणूनच धोरण बदलता आले. मायक्रोप्लास्टिकचे शास्त्र आज त्याच वळणावर उभे आहे.

घाटावरच सुरुवात

दूषण रोखण्याचे काम प्रयोगशाळेच्या दारापासून नव्हे, तर नमुना घेण्याच्या जागेपासून सुरू होते. नरसिंहपूरच्या घाटाचेच उदाहरण घेऊ. पर्वणीच्या दिवशी येथे भाविक स्नान करतात, ओले कपडे पिळतात, पायऱ्यांवर वाळत घालतात. त्या वेळी पायरीवर बसून भरलेली बाटली नदीपेक्षा घाटाचीच हकिकत अधिक सांगेल. म्हणून नमुना गर्दीच्या जागेपासून दूर, प्रवाहाच्या वरच्या बाजूस घ्यावा लागतो. पाण्यात उभे राहणाऱ्याने तोंड वरच्या बाजूस, म्हणजे पाणी येते त्या दिशेला ठेवावयाचे. बाटली स्वतःच्या पुढे धरावयाची. वाऱ्याचीही दिशा पाहावयाची. वारा बाटलीकडून माणसाकडे वाहिला पाहिजे, माणसाकडून बाटलीकडे नव्हे.

बादली पोलादी असावी, दोर सुती किंवा तागाचा. बाटली काचेची, आणि तिच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. बाटली आधी नदीच्याच पाण्याने तीनदा विसळून ते पाणी खालच्या बाजूस टाकावे. जाळे वापरावयाचे असेल तर ते बहुधा नायलॉनचेच असते, तेव्हा त्याच जाळ्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत जपून ठेवतात. पुढे नमुन्यात नायलॉनचा तंतू मिळाला, तर तो जाळ्याचा आहे काय, हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

अंगावरील कपड्यांचा नियम विशेष आहे. ते सुती असावेत, हे तर झालेच. अनेक गट त्यापुढे जाऊन भडक नारिंगी किंवा लाल अशा एकाच रंगाचे सुती कपडे वापरतात. नमुन्यात नारिंगी सुती तंतू दिसला की तो कोठून आला हे लगेच कळते.

आणखी एक साधी गोष्ट केली जाते. नमुना भरण्यास जितका वेळ लागतो तितका वेळ शेजारी ओला गाळणकागद पेट्री डिशमध्ये उघडा ठेवतात. त्या काळात हवेतून जे काही पडले, ते त्या कागदावर चिकटते. ही डिश झाकून नमुन्याबरोबरच प्रयोगशाळेत नेतात आणि तिच्यावरील तंतूंची नोंद नमुन्यासारखीच करतात.

पंखा बंद, खिडकी बंद

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत छताला पंखे असतात, खिडक्या उघड्या असतात आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी वर्ग भरलेला असतो. मायक्रोप्लास्टिकच्या कामासाठी याच्या नेमकी उलट स्थिती लागते. पंखा बंद, खिडकी बंद, दार सारखे उघडायचे नाही आणि खोलीत कामापुरतीच माणसे. टेबल काम सुरू करण्याआधी ओल्या सुती कापडाने, मग अल्कोहोलने पुसावयाचे. कोरड्या झाडूने केर काढणे तर पूर्ण वर्ज्य, कारण त्यामुळे बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते.

अ‍ॅप्रन शंभर टक्के सुती असावा. बाजारात मिळणारे बरेच अ‍ॅप्रन पॉलिएस्टर-कापूस मिश्रणाचे असतात, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. प्रयोगशाळेत सर्रास दिसणारी, दाबून पाणी सोडण्याची वॉश बॉटल पॉलिथिनची असते. तिच्या जागी काचेची घ्यावी लागते. प्लास्टिकची गाळणी, प्लास्टिकचे चिमटे, स्पंजचे घासणे यांनाही रजा द्यावी लागते.

रसायने व पाणी यांचा विचार तितकाच महत्त्वाचा. नमुन्यातील शेवाळ, पाने, माशाचे मांस असे सेंद्रिय पदार्थ नष्ट करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. गाळातून प्लास्टिक वर तरंगवून वेगळे करण्यासाठी मिठाचे किंवा झिंक क्लोराइडचे दाट द्रावण वापरतात. ही सर्व द्रावणे प्लास्टिकच्या कॅनमधून येतात आणि त्यांतही कण असू शकतात. म्हणून प्रत्येक द्रावण आणि भांडी विसळण्याचे डिस्टिल्ड वॉटरदेखील आधी काचतंतूंच्या बारीक फिल्टरमधून गाळून घेतात. काचेची भांडी आणि हे फिल्टर भट्टीत सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाला काही तास तापवितात. त्या उष्णतेत प्लास्टिक जळून जाते, काच शाबूत राहते. त्यानंतर प्रत्येक भांडे वापरेपर्यंत फॉइलने झाकलेले असावे. नमुना उघडा राहण्याचा काळ जितका कमी, तितकी चूक कमी, असे हे साधे गणित आहे.

अशी शिस्त पाळल्याने किती फरक पडतो? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील लूसी वुडॉल आणि सहकाऱ्यांनी गुन्हेतपासातील न्यायवैद्यक शास्त्राची पद्धत यासाठी वापरली. गुन्ह्याच्या जागेवरील तंतू तपासणाऱ्यास स्वतःच्या कपड्यांचे तंतू दूर ठेवावे लागतात. नेमकी तीच खबरदारी सागरी गाळ तपासताना घेण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दूषण ९० टक्क्यांपर्यंत घटल्याचे दिसले.

हवा ओढणारे कपाट, हवा देणारे कपाट

येथे एक गैरसमज हमखास होतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड नावाचे काचेच्या दाराचे कपाट असते. बंदिस्त दिसते म्हणून नमुना त्यात ठेवला की सुरक्षित, असे वाटते. प्रत्यक्षात फ्यूम हूड हे काम करणाऱ्या माणसाचे विषारी वाफांपासून रक्षण करण्यासाठी बनविलेले असते. ते खोलीतील हवा आत ओढून धुराड्यातून बाहेर फेकते. म्हणजेच खोलीतील धूळ नमुन्यावरूनच जाते.

नमुन्याचे रक्षण करते ते लॅमिनार फ्लो. यात खोलीतील हवा अत्यंत बारीक फिल्टरमधून गाळून, एकसारख्या संथ प्रवाहाने नमुन्यावरून सोडली जाते. ‘हेपा’ नावाने ओळखला जाणारा हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवितो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत हे यंत्र परिचयाचे आहे. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मासा चिरून तपासण्याचे काम वेगवेगळ्या ठिकाणी करून पाहिले. साधी खोली, फिरती प्रयोगशाळा, फ्यूम हूड आणि गाळलेल्या हवेचे टेबल अशी ही तुलना होती. गाळलेल्या हवेच्या टेबलावर हवेतून येणारे तंतू ९६.५ टक्क्यांनी कमी झाले.

अर्थात, लॅमिनार फ्लो सर्व कामांना चालत नाही. त्याचा एक प्रकार हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडतो. तेव्हा तीव्र रसायनांचे काम त्यात करणे धोक्याचे. अशी कामे झाकलेल्या भांड्यात, फ्यूम हूडमध्येच करावी लागतात. झाकण उघडणे, गाळणे, निवडणे ही कामे लॅमिनार फ्लोमध्ये करतात. नमुना आणि माणूस, दोघांचीही सुरक्षा एकाच वेळी पाहणे हे कौशल्याचे काम आहे.

कोरा नमुना

एवढे करूनही काही तंतू शिरतातच. शून्य दूषण ही कल्पना पुस्तकापुरती. म्हणून या सर्व खबरदारीचा कळस म्हणजे कोरा नमुना, ज्याला प्रयोगशाळेच्या भाषेत ‘ब्लँक’ म्हणतात. नदीच्या पाण्याऐवजी गाळलेले शुद्ध पाणी घ्यावयाचे आणि त्याच बाटलीत, त्याच रसायनांतून, त्याच टेबलावर, त्याच वेळेत, त्याच हातांनी सर्व प्रक्रिया करावयाची. अखेरीस त्यात जे तंतू मिळतील ते निश्चितपणे नदीचे नाहीत. ते प्रयोगशाळेचे आहेत.

आता सुरुवातीच्या ३० तंतूंकडे परत येऊ. समजा, नमुन्यांबरोबर तीन कोरे नमुने घेतले आणि त्यांत ४, ५ आणि ६ तंतू मिळाले. सरासरी ५, आणि आकड्यांतील चढउतार दाखविणारे प्रमाण विचलन १. रूढ नियमानुसार सरासरीत प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवावयाची. ५ अधिक ३, म्हणजे ८. नमुन्यात आठपेक्षा अधिक तंतू असतील तरच नदीत तंतू असल्याचे म्हणता येते. येथे ३० आहेत. तेव्हा नदीत तंतू आहेत आणि सरासरी दूषण वजा जाता ते सुमारे २५ आहेत, हे विधान टिकते.

पण तेच काम पंख्याखाली, पॉलिएस्टरच्या अ‍ॅप्रनमध्ये झाले आणि कोऱ्या नमुन्यांत २२, २८ आणि ३४ तंतू मिळाले, तर? सरासरी २८, प्रमाण विचलन ६, आणि मर्यादा २८ अधिक १८, म्हणजे ४६. आता नमुन्यातील ३० हा आकडा मर्यादेच्या खाली आहे. नदीत प्लास्टिक आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. नमुना तोच, नदी तीच, आकडाही तोच. अर्थ मात्र कोऱ्या नमुन्याने बदलला. ज्या अहवालात कोऱ्या नमुन्याचा आकडा दिलेला नाही, तेथे या दोहोंपैकी कोणती स्थिती आहे हे कळण्यास मार्गच उरत नाही.

या कसोटीवर जगातील संशोधन कोठे आहे? नेदरलँड्सचे अल्बर्ट कूलमन्स आणि सहकाऱ्यांनी पिण्याच्या व गोड्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिकवरील ५० अभ्यासांची गुणवत्ता तपासली. स्वच्छ हवा, कोरे नमुने, कणांची रासायनिक ओळख आदी सर्व निकषांवर उतरलेले अभ्यास होते फक्त चार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिकवर अहवाल काढला, तेव्हा मोजणीच्या प्रमाणित पद्धतींची गरज अधोरेखित केली ती याच पार्श्वभूमीवर.

दिसते ते सारे प्लास्टिक नव्हे

दूषणाच्या जोडीला ओळख पटविण्याचा प्रश्न येतो. रंगविलेला सुती तंतू सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब पॉलिएस्टरसारखा दिसू शकतो. म्हणून अवरक्त किरणांच्या किंवा रामन वर्णपटाच्या साहाय्याने तंतू कोणत्या रसायनाचा आहे हे पाहणे आवश्यक ठरते. सहा महासागरी खोऱ्यांतील ९१६ नमुन्यांतून गोळा केलेल्या तंतूंची अशी तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील कृत्रिम तंतू केवळ ८.२ टक्के निघाले. उरलेले बहुतांश कापसासारख्या वनस्पतिजन्य द्रव्याचे आणि काही लोकरीसारखे प्राणिजन्य होते.

कधी कधी खबरदारीच अंगाशी येते. हात स्वच्छ राहावेत म्हणून वापरलेल्या एकदा-वापराच्या हातमोज्यांवरील स्टिअरेट नावाचे पदार्थ नमुन्यात उतरतात आणि यंत्रावर पॉलिथिनसारखे भासतात, असे २०२० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिले.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईच्या किनाऱ्यांवरील प्लास्टिकचा अभ्यास केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पवईच्या आयआयटीतील अमृतांशू श्रीवास्तव आणि चंदन कृष्ण सेठ यांनी २०१८ मध्ये बाजारातील सागरी मिठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सापडलेल्या ६२६ कणांपैकी ६३ टक्के तुकडे आणि ३७ टक्के तंतू होते. साध्या वाळूच्या गाळणीने वजनाच्या हिशेबात ८५ टक्क्यांहून अधिक कण काढता येतात, हा त्यांचा निष्कर्ष उपयोगाचा आहे. येथे तुकडे आणि तंतू वेगळे मोजले गेले, हेही वाचकाने लक्षात घ्यावे. हवेतून येतात ते प्रामुख्याने तंतू. म्हणून दोहोंची एकत्र गोळाबेरीज करण्यापेक्षा स्वतंत्र आकडे दिल्यास निष्कर्ष तपासणे सोपे जाते. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साळ नदीच्या मुखाजवळील पाणी, गाळ आणि मासळी यांतील मायक्रोप्लास्टिकचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला.

देशपातळीवर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये अन्नातील मायक्रोप्लास्टिकसंबंधी प्रकल्प हाती घेतला. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि पिलानीची बिट्स ही त्यातील भागीदार. मोजणीची प्रमाणित पद्धत ठरविणे आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहणे, ही त्याची घोषित उद्दिष्टे. युरोपीय आयोगानेही मार्च २०२४ मध्येच पिण्याच्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिक मोजण्याची पद्धत निश्चित केली. आधी पद्धत, मग मर्यादा, हा क्रम दोन्हीकडे दिसतो आणि तोच योग्य आहे.

नीरा-भीमा खोऱ्यासाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि तेथून उजनीला येते. कपडे धुतल्याने सुटणारे तंतू सांडपाण्यातूनच नदीत पोहोचतात. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगांवरून सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात, असा अंदाज निघाला. नीरेच्या काठी मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, शेडनेट, खतांच्या गोण्या आहेत. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणारी कुटुंबे आहेत आणि खाली हे पाणी पिणारी गावे व शहरे आहेत. प्लास्टिकचा स्रोत आहे, तसा त्याच्या मोजणीवर अवलंबून असणारा माणूसही आहे.

चुकीचा आकडा दोन्ही बाजूंनी मारतो. तो फुगलेला असेल तर मासळीचा बाजार एका बातमीने बसू शकतो आणि ज्याचा दोष नाही त्या मच्छीमाराचे नुकसान होते. पुढे तो आकडा खोटा ठरला, की खरे प्रदूषण करणाऱ्यांना हाती आयतेच शस्त्र मिळते. ‘हे सारे प्रयोगशाळेतील धुळीचे खेळ आहेत’ असे म्हणून ते मोकळे होतात. नदीची बाजू घेणाऱ्याने म्हणूनच स्वतःच्या मोजणीबाबत इतरांहून अधिक कठोर असावयास हवे.

यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागतात असे नाही. वर्णपटाचे यंत्र महाग असते आणि त्यासाठी मोठ्या संस्थेकडे नमुने पाठवावे लागतात, हे खरे. पण सुती अ‍ॅप्रन, काचेच्या बाटल्या, फॉइल, गाळलेले पाणी, बंद पंखा, उघडा ठेवलेला ओला गाळणकागद आणि दर खेपेस तीन कोरे नमुने, एवढे तालुक्याच्या ठिकाणचे विज्ञान महाविद्यालयही सहज करू शकते. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात लॅमिनार फ्लो बहुधा असतोच. तो काही दिवस मागून घेता येईल.

वाचकांनीही मायक्रोप्लास्टिकची पुढील बातमी वाचताना चार प्रश्न जरूर विचारावेत. कोरे नमुने घेतले होते काय आणि त्यांत किती कण मिळाले? काम गाळलेल्या हवेत झाले काय? कणांची रासायनिक ओळख पटविली काय, की केवळ डोळ्यांनी पाहून मोजले? तंतू आणि तुकडे यांचे आकडे स्वतंत्र दिले आहेत काय? या चारही प्रश्नांची उत्तरे अहवालात असतील, तर त्यातील आकड्यावर विश्वास ठेवून पुढील कृतीची मागणी करावी. ती नसतील, तर आधी संशोधकाकडे कोऱ्या नमुन्याचा हिशेब मागावा.